कवच की कौल?

(दृश्य : ओहोटीच्या वेळची लांबट पुळण. वाळूतून डोकावणारे खडकाचे चपटे थर. थोडा वेळ फक्त लाटांचा आवाज, मग निवेदन.)

आगोट लागली की कोकणातल्या होड्या वर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात आणि पुळणीवर समुद्राचं एकट्याचं राज्य सुरू होतं. पावसाळाभर तो वाळू आत ओढून नेतो. गणपतीच्या सुमारास पाहाल तर पुळण खचून अरुंद झालेली असते आणि एरवी वाळूखाली झाकलेला खडक उघडा पडलेला असतो. दिवाळीनंतर समुद्र हळूहळू वाळू परत आणून टाकतो, खडक पुन्हा बुजतो.

मधल्या या दिवसांत काही माणसं मान खाली घालून पुळणीवरून चालताना दिसतील. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, आंबा बागायतदार असतात, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर असतात, कॉलेजची पोरं असतात. शंख, शिंपले, गारगोट्या, झिजलेल्या काचा, चिनी मातीच्या खापऱ्या असं काय काय गोळा करता करता कधीतरी हाताला एखादा चपटा, किंचित बाक असलेला, वजनदार तुकडा लागतो. वरच्या अंगाला रेघा. माणूस थबकतो. कासवाच्या पाठीचा तुकडा असेल का हा? आणि असेल तर किती जुना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्याला कधीकधी वर्ष लागतं.

(दृश्य : दापोली तालुक्यातल्या एका घराची पडवी. पाटावर वर्तमानपत्र, त्यावर ओळीनं मांडलेले तुकडे.)

हे घर एका निवृत्त गुरुजींचं. समोर बसल्यात त्या भूशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक बाई. गुरुजींनी एकेक तुकडा पुढे सरकवायला सुरुवात केली.

“मॅडम, हा बघा. हा बाक बघा आणि या रेघा. हे कासवच.”

“गुरुजी, जरा उलटं करा.”

गुरुजींनी उलटं केलं. खालच्या अंगाला झिजलेली दोन इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्या शेजारी खाचेची कड.

“कौल!” गुरुजी स्वतःच हसले.

मंगलोरी कौलानं कोकणात जितक्या संग्राहकांना फसवलंय तितकं दुसऱ्या कशानं फसवलं नसेल. खाडीकाठच्या घरांची फुटकी कौलं वर्षानुवर्षं समुद्रात लोळतात, कडा गोल होतात, अंगावर शेवाळ आणि चुन्याचे किडे बसतात, आणि मूळ तांबडा रंग काळपट पडतो. भाजलेल्या मातीचा तुकडा ताज्या मोडीत एकजीव आणि रवाळ दिसतो. हाड तसं कधीच दिसत नाही.

फसवणाऱ्यांच्या यादीत दुसरा नंबर मी शिंगाळ्याला देईन. शिंगाळा हा कोळ्यांच्या रोजच्या ओळखीचा मासा. त्याच्या डोक्यावर हाडांची जाड ढाल असते. मासा मेला, मांस गेलं, की ही ढाल पुळणीवर सुटी सापडते. वर दाणेदार नक्षी, कडा दातेरी, रंग पिवळट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कासवाची पाठ वाटावी यात नवल नाही. फरक खालच्या अंगाला कळतो. माशाच्या ढालीखाली मेंदूच्या पोकळीच्या भिंती, कंगोरे आणि खोबणी असतात. कासवाच्या कवचातल्या हाडाच्या तुकड्याचं, म्हणजे पाटीचं, आतलं अंग त्या मानानं साधं असतं, फार तर मधोमध एक उंचवटा. त्या उंचवट्याकडे आपण परत येणार आहोत.

मग उरतो दगड. आपला काळा पाषाण झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो, त्यातून बाकदार चकत्या निघतात. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला छोटे छोटे खड्डे पडून जाळी झालेली आहे. खारं पाणी खडकात मुरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण उचकटून काढतात. अशा जाळीदार खडकाची एखादी चकती सुटून पडली की ती थेट मऊ पाठीच्या कासवाची पाटी वाटते. पण हीही मोडून बघितली की आत नुसता दगड.

(दृश्य : देवळाचा सभामंडप. फरशीत बसवलेलं दगडी कासव. कॅमेरा त्याच्या पाठीवरून सावकाश फिरतो.)

आता कासव. कोकणातल्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. घडवणाऱ्यानं पाठीवरचे मोठे चौकटे नीट कोरलेले असतात. पण त्यानं कोरलं ते वरचं आवरण. त्याला आपण खवले म्हणू. खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचे. कासव मेलं की ते सुटतात, कुजतात, आणि जीवाश्मात सहसा उरत नाहीत. उरतं ते त्यांच्याखालचं हाड.

कासवाचं कवच एका हाडाचं नसतं. पाठ आणि पोट मिळून पन्नास-साठ हाडांच्या पाट्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पाठीच्या मधोमध कण्याला जोडलेल्या पाट्यांची एक ओळ, तिच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांवर वाढलेल्या सहसा आठ-आठ रुंद पाट्या, आणि कडेनं लहान पाट्यांची किनार. पोटाकडे बहुतेक कासवांत नऊ पाट्या. बरगड्याच पसरून पाठ झाली आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

(दृश्य : अगदी जवळून, पाटावरचा एक तपकिरी तुकडा. प्राध्यापक बाईंच्या हातात भिंग.)

हा तुकडा तीन बोटं रुंद आहे. बाजूनं तिरपा प्रकाश टाकला की याच्यावर दोन प्रकारच्या रेषा दिसतात.

एक रेषा उथळ आहे. गुळगुळीत, सलग वळण घेत गेलेला चर. ती हाडाच्या फक्त वरच्या अंगावर आहे, खाली उतरत नाही. दोन खवल्यांच्या कडा जिथे भेटत होत्या तिथे हाडावर उमटलेली ही खूण. खवले केव्हाच गेले, त्यांची हद्द मात्र हाडावर राहिली.

दुसरी रेषा तुकड्याच्या कडेलाच आहे. दातेरी, नागमोडी, आणि हाडाच्या पूर्ण जाडीतून आरपार गेलेली. हा दोन पाट्यांमधला सांधा. कवच मोडताना बऱ्याचदा इथेच सुटतं, म्हणून सुट्या पाटीची एखादी कड अशी खरखरीत दात्यांची असते आणि बाकीच्या कडा आडव्यातिडव्या तुटलेल्या.

खरी मेख पुढे आहे. खवल्यांची हद्द आणि हाडांचे सांधे एकमेकांवर पडत नाहीत. चर पाटीच्या मधूनच जातो, सांधा खवल्याखालीच लपतो. त्यामुळे एकाच तुकड्यावर मधोमध उथळ चर आणि कडेला दातेरी सांधा असं दोन्ही दिसलं, तर तो कासवाचा असण्याची शक्यता एकदम वाढते. चिखलाला गेलेल्या तड्यांना, दगडाच्या भेगांना, कौलाच्या खाचांना या दोन जाळ्या कधीच जमत नाहीत. माझ्या मते हौशी माणसानं बाकी काही शिकलं नाही आणि एवढंच नजरेत बसवलं, तरी त्याचं निम्मं काम झालं.

आता तुटलेली कड बघा. वरून आणि खालून हाडाचा घट्ट थर, आणि मधे घावनासारखी जाळी. शिंपल्याच्या मोडीत ही जाळी नसते. समुद्रफेणीत पोकळ्या असतात, पण ती वजनाला अगदी हलकी आणि नखानं खरवडली तर भुगा होणारी. वाहून आलेल्या देवमाशाच्या हाडात जाळीच जाळी असते, बाहेरचा घट्ट थर त्या मानानं नावाला.

आणि आता आतलं अंग. मधोमध आडवा गेलेला हा उंचवटा, मघाशी म्हटलं तो. ही बरगडी. पाटी तिच्या दोन्ही बाजूंना वाढलेली आहे. बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “बरगडीची पाटी. यात शंका नको.”

पोटाकडच्या पाट्यांची गोष्ट निराळी. तिथे बरगड्या नसतात, उंचवटा शोधत बसू नये. किनारीच्या पाट्या आडव्या कापल्या तर पाचरीसारख्या दिसतात. मऊ पाठीच्या कासवांना खवलेच नसतात, त्यामुळे चरही नसतात. त्यांच्या पाट्यांच्या वरच्या अंगावर खळग्यांची किंवा दाण्यांची नक्षी असते. असं एक कासव कोकणातल्या तळ्यांत आणि ओहोळांत आजही आहे. पुराबरोबर त्याची हाडं खाडीच्या तोंडाशी येऊन पडली तर आश्चर्य नाही. चामडी पाठीचं मोठं समुद्री कासव तर सगळ्यांहून वेगळं. त्याच्या पाठीवर मोठ्या पाट्याच नाहीत, हाडाच्या असंख्य चिमुकल्या तुकड्यांची फरसबंदी असते.

(दृश्य : वेळासची पुळण. जाळीच्या कुंपणातली घरटी. पिल्लं समुद्राकडे सरकताना.)

म्हणजे तुकडा कासवाचा आहे हे ठरलं. पण हा किनारा जिवंत कासवांचा आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला २००२ पासून घरट्यांचं संरक्षण चालू आहे, ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केलं. हिरवं कासवही या समुद्रात असतं. जाळ्यात अडकून, बोटीचा मार लागून कासवं मरतात, वाहून येतात, वाळूत गाडली जातात. तेव्हा पुळणीवर सुटा सापडलेला कासवाचा तुकडा हा आधी आजचा समजायचा. तो जुना आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जुना म्हणणाऱ्यावर.

इथे कायदाही येतो. समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत कासवच नव्हे, त्याच्या शरीराचा भागही घरी ठेवणं गुन्हा ठरू शकतं. कपाटातली शोभेची पाठ हा गमतीचा विषय नाही. ताजं दिसणारं कवच किंवा हाड दिसलं तर फोटो काढावा, जागा टिपून घ्यावी, वनखात्याला कळवावं, आणि हात लावू नये.

मग ताजं आणि जुनं ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका. कांदळवनाच्या चिखलात पडलेलं हाड थोड्याच काळात काळंभोर होतं, आणि जांभ्याच्या पाण्यात पडलेलं तांबूस. दोन्ही दिसायला प्राचीन. वजन जास्त भरवशाचं. हाडाच्या पोकळ्यांत खनिजं भरत गेली की हाड जड होतं आणि टिचकी मारल्यावर दगडासारखा टणक आवाज देतं.

जीभ लावून बघण्याचा एक उपाय अनेक जण सांगतात. हाड सच्छिद्र, म्हणून जिभेला चिकटतं. यातून फार तर हाड की दगड एवढं कळतं, वय कळत नाही. शिवाय आपल्या पुळणीवर काय काय पडलेलं असतं ते पाहता मी तरी हा प्रयोग कुणाला सांगणार नाही. तापलेली सुई टेकवली तर ताज्या हाडाला केस जळल्यासारखा वास येतो, कारण त्यात कोलॅजेन, म्हणजे हाडातलं प्रथिन, शिल्लक असतं. हेही प्रयोगशाळेत करावं, घरच्या गॅसवर नाही. आणि लिंबू पिळून फेस येतो का ते बघणं बंद करा. फेस चुन्याला येतो, हाड मुख्यतः फॉस्फेटचं. पोकळ्यांत चुना असेल तर हाडालाही येईल, आणि वरची नक्षी मात्र कायमची जाईल.

(दृश्य : कड्यावरून दिसणारा किनारा. वर जांभा, खाली काळा पाषाण.)

वय हाडाला विचारून उपयोग नसतो. ते थराला विचारायचं.

कोकणचा पाया बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि त्यांतून दख्खन उभं राहिलं. वितळलेल्या खडकात कासव टिकत नाही. पण दोन लाव्हांच्या मधे कधीकधी हजारो वर्षांची उसंत मिळायची. तळी साचायची, गाळ बसायचा, बेडूक, मासे, कासवं राहायला यायची, आणि मग पुढचा लाव्हा सगळ्यावर झाकण घालायचा. या गाळाच्या थरांना आंतरट्रॅपी म्हणतात. कोकणच्या उत्तर टोकाला, मुंबईत वरळीच्या टेकडीखाली असा थर होता. तिथला एक चिमुकला बेडूक ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये शास्त्रीय जगापुढे आणला. पाठोपाठ १८५२ मध्ये मुंबईतले डॉक्टर आणि भूशास्त्राचे अभ्यासक हेन्री कार्टर यांनी तिथल्याच एका कासवाचं वर्णन केलं आणि त्याला डॉक्टर लीथ यांचं नाव दिलं. लीथ मुंबईत आरोग्याचं काम करणारे डॉक्टर. त्यांचंच नाव दख्खनच्या नद्यांतल्या एका जिवंत मऊ पाठीच्या कासवालाही आहे. एका माणसाच्या वाट्याला दोन कासवं, त्यांतलं एक कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेलं.

वरळीच्या कासवाचं आजचं नाव कार्टेरेमिस. ते गोड्या पाण्यातलं, आणि मान आत न ओढता बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली दडवणाऱ्या गटातलं. हा गट आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया अशा दक्षिणेकडच्या भूभागांत आहे. भारतात एकही नाही. भारत कधीकाळी त्या भूभागांना जोडलेला होता, आणि ही कासवं त्या सोबतीची निशाणी. याच गटातलं सांकुचेमिस नावाचं आणखी एक कासव मुंबईच्या आंतरट्रॅपी थरांतून मिळालं, त्याचं नामकरण २००३ मध्ये झालं. या गटाची एक खूण हौशी माणसालाही दिसू शकते. त्यांच्या कमरेचं हाड कवचाला पक्कं जोडलेलं असतं. पोटाच्या मागच्या पाटीचं आतलं अंग पाहिलं तर त्या जोडाचा व्रण दिसतो. आपल्या ऑलिव्ह रिडलेच्या पाटीवर तो कधीच दिसणार नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जांभ्याखाली काळसर माती सापडते, विहिरी खणताना ती वर आली आहे. तिच्यात कोळसा होत आलेलं लाकूड, पानं, परागकण मिळतात. लाव्हाच्या कितीतरी नंतरचा हा गाळ. विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यात हाड दिसलं तर तो ढिगारा रस्त्यात भरावाला जायच्या आत कळवावं.

आणि तिसरी जागा करळ. पुळणीच्या कडेला शंख-शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्यानं सांधून जो चपटा दगड तयार होतो, तो आपला करळ. पावसाळ्यात उघडे पडतात ते बऱ्याचदा याचेच थर. करळ भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचा, काही हजार वर्षांचा. म्हणून त्यात सापडलेल्या हाडाला सरसकट जीवाश्म म्हणत नाहीत. अर्धजीवाश्म म्हणतात. नाव जरा पडेल वाटतं खरं, पण समुद्राची पातळी आज आहे तिथे स्थिरावत होती त्या काळात या किनाऱ्यावर कोणती कासवं येत होती, हे सांगायला तेच हवं.

(दृश्य : पुन्हा पडवी. तोच तपकिरी तुकडा, आता उलटा. एका कोपऱ्याला पांढरट दगड चिकटलेला.)

गुरुजींचा तुकडा असाच. बरगडीच्या उंचवट्याशेजारी सुपारीएवढा करळ अजून चिकटून आहे, आत एक बारीक शिंपला. गुरुजी तो पांढरा भाग घासून काढणार होते. बाईंनी हात धरला.

“नको गुरुजी. तुमचा पुरावा तोच आहे.”

हाडाच्या पोकळ्यांत चुना उतरलाय. याचा अर्थ करळ घट्ट होत असताना हाड त्यात होतं, नंतर येऊन अडकलेलं नाही. गुरुजींनी उचलण्याआधी मोबाईलवर चार फोटो काढले होते. त्यांत शेजारी दहाचं नाणं आहे, मागे कडा आहे, आणि फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले आहेत. नाणं नसतं तर तुकडा बशीएवढा की परातीएवढा हे फोटोवरून सांगता आलं नसतं.

घरी आणल्यावर त्यांनी गोड्या पाण्यातून नुसता विसळला. व्हिनेगर नाही, वॉर्निश नाही, फेव्हिक्विक नाही. डिंक आणि वॉर्निश लागलेलं हाड कार्बन कालमापनाला, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय मोजायला, देताना फार डोकेदुखी होते. एक तुकडा मोडला असेल तर दोन्ही भाग वेगळ्या कागदात गुंडाळावेत, जोडायची घाई करू नये. मोडलेली कड हीच तर वाचायची जागा.

पुढची वाट पुण्याची. डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वासाठी प्राण्यांची हाडं ओळखण्याचं काम अनेक दशकं चालतं, तुलनेला सांगाडे आहेत. आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम होतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यातच आहे. आजच्या कासवांच्या सांगाड्यांशेजारी ठेवल्याशिवाय एका पाटीवर जात सांगता येत नाही, आणि पुष्कळदा ठेवूनही नाही.

गुरुजींना नेमकं तेच हवं होतं. “पण मॅडम, रिडले की हिरवं?”

“एका बरगडीवर सांगितलं तर मीच खोटी ठरेन. शेजारची पाटी मिळाली तर बघू. चर कुठून कुठे जातो ते दोन पाट्यांवर सलग दिसायला हवं.”

पाटावरचं बाकी सामान निकालात निघालं. शिंगाळ्याची ढाल शाळेच्या प्रयोगशाळेत जाणार आहे. दोन पांढऱ्या, हलक्या पाट्या ताज्या निघाल्या. सुईची गरजही पडली नाही, एकीवर खवल्याचा पापुद्रा तसाच होता. त्या सापडल्या जागेच्या नोंदीसह वनखात्याच्या ताब्यात द्यायच्या, बाईंनी तिथूनच वनरक्षकांना फोन लावला. कौलं परसातल्या अळवाच्या वाफ्याला कड म्हणून लागली.

शेजारची पाटी करळातच असेल तर ती शोधायला मोठी ओहोटी हवी, आणि वाळू परत यायच्या आत हवी. गुरुजींनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून अमावास्या बघितली. उधाणाच्या दिवशी ओहोटीला पाणी सगळ्यात आत जाईल. त्या दिवशी बाईंचे विद्यार्थी मोजपट्टी घेऊन येणार आहेत. छिन्नी-हातोडा आणायचा नाही, असं बाईंनी त्यांना बजावलंय.